निळ्या टोकाच्या गोळ्या

ते घर तिथे उभं असतं, तर मी याही वेळी गप्प बसले असते. पण घर नव्हतं. त्याच्या जागी बर्फ लोटून साफ केलेला एक चौकोन होता, त्यात तीन गाड्या उभ्या होत्या आणि कोपऱ्यातल्या पिवळ्या यंत्रावर पार्किंगचे आकडे लुकलुकत होते. माझा धाकटा भाऊ अरुण त्या यंत्राला टेकून आपल्या मुलीला सांगत होता, "सई, इथे आपण राहायचो. हॉस्पिटलमधून तुला इथेच आणलं. वरच्या मजल्यावर घरमालक ओजीसान राहायचे. बंदुकीने हरणं मारायचे, एवढी मोठी! पण शेवटी शेवटी त्यांचा नेम गेला. म्हातारपण, दुसरं काय."

नेम गेला म्हणे. म्हातारपण म्हणे.

उणे आठ अंश थंडी होती आणि माझे कान तापले होते. सात वर्षं हे वाक्य मी ऐकते आहे. फोनवर ऐकलं, गावाला गणपतीत ऐकलं, आणि या महिन्यात तोक्योला, निशी-कसाईच्या त्याच्या फ्लॅटमध्ये, पुण्याच्या मित्रांसमोर दोनदा ऐकलं. दर वेळी ते थोडं आणखी गुळगुळीत होतं. आता तर ते इतकं गुळगुळीत झालंय की सात वर्षांच्या पोरीच्या गळ्यातही सहज उतरेल.

मला मात्र त्या चौकोनात उभं राहिल्यावर रॉकेलचा वास आला. तिथे रॉकेल नव्हतं, तरी आला.

साप्पोरो शहराच्या कडेला, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते घर होतं. अरुणला पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीने तिकडे पाठवलं होतं. त्या वर्षांत अशी पुष्कळ मुलं जपानला जात होती. त्याची बायको मेधा पहिलटकरीण. आमची आई नाही, तिच्या आईला दम्याचा त्रास. मग बाळंतपणाला कोण? मी. नव्वद दिवसांचा व्हिसा, बॅगेत डिंक, अळीव, ओवा, बाळंतशेपा आणि विमानात कुणाशी बोलावं लागू नये म्हणून मिटलेले डोळे. नोव्हेंबरात पोचले तेव्हा झाडांवर एक पान नव्हतं, आणि दहा दिवसांनी झाडंसुद्धा दिसेनाशी झाली.

तो एक हिवाळा माझ्याजवळ वासांनी आणि आवाजांनी शिल्लक आहे. खोलीच्या मध्ये रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर कायम सूं सूं करणारी किटली. तुपात फुलणारा डिंक. बाळाच्या डोक्याला तेल चोळताना येणारा तो गोडसर, दुधाळ वास. आणि रोज सकाळी, उजाडायच्या सुमारास, अंगणातून खर्र, खर्र. ओजीसान, म्हणजे आजोबा, फावड्याने बर्फ ओढायचे. शहात्तर वर्षांचं माणूस, पण आवाजाची लय एकदाही चुकायची नाही. दहा वेळा खर्र, मग थांबून एक श्वास, मग पुन्हा दहा वेळा. अंथरुणात पडल्या पडल्या मी मोजायची.

त्यांची माझी ओळख धुरामुळे झाली. बाळाला न्हाऊ घातल्यावर मी ओवा आणि बाळंतशेपाची धुरी दिली, आणि छतावरचं एक यंत्र किंचाळायला लागलं. मेधा किंचाळली, बाळ किंचाळलं. दार वाजलं. ओजीसान पायात मोजे आणि हातात आग विझवायचा लाल नळा घेऊन उभे! त्यांनी खोलीभर पाहिलं, धुपाटणं पाहिलं, खाली वाकून लांब श्वास घेतला आणि हसले. खुर्चीवर चढून त्यांनी यंत्राला एक प्लॅस्टिकची पिशवी बांधली, माझ्याकडे बघून मान डोलावली आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून अंघोळीच्या वेळेला ते स्वतःच खाली येऊन पिशवी बांधायचे. अरुण मला आक्का म्हणतो, हे ऐकून त्यांनी अर्थ विचारला होता. तेव्हापासून मी त्यांची ओनेसान झाले. थोरली बहीण. ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते.

एकदा कचरा टाकायला गेले. तिथे जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या. बाटल्यांची टोपली गॅरेजशेजारी असायची. गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं, आणि आतून वास आला.

बंदुकीच्या तेलाचा. पितळेचा. दारूचा, म्हणजे काडतुसात भरतात त्या दारूचा. वीस-पंचवीस वर्षांत मला तो वास आला नव्हता. बाटली हातात धरून मी तशीच उभी राहिले.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. आमच्या वडिलांकडे, अप्पांकडे, परवान्याची बंदूक होती, एका नळीची. नाचणी-वरीच्या शेतात रात्री डुकरं उतरायची, म्हणून तो परवाना. अप्पा पितळी काडतुसं घरीच भरायचे. भरायचे म्हणजे, माझ्याकडून भरून घ्यायचे. पुठ्ठ्याच्या चकत्या कापायच्या त्या मी. छर्रे मोजायचे ते मी. दारूचं माप अप्पा घालायचे, ते दुसऱ्या कुणाला घालू द्यायचे नाहीत, मग वरून चकती दाबायची आणि मेण ओतायचं ते पुन्हा मी. दसऱ्याला ती काडतुसं पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहायची. झेंडू, मेण आणि दारू, हा माझ्या लहानपणाचा वास. पुस्तकांचा वास म्हणायला मला जमणार नाही. चौथीचा निकाल लागला त्याच महिन्यात आई गेली, अरुण तेव्हा पाळण्यात होता, आणि माझं दप्तर खुंटीवर गेलं ते गेलंच.

पुढे अरुण शाळेत जायला लागल्यावर एकदा काडतुसं बघायला आला, तर अप्पांनी त्याला हाकललं. "तू आत बस. तुझा अभ्यास बुडेल." मला हाकलायचं कारणच नव्हतं. माझं काय बुडणार होतं?

म्हणून जे अप्पांना येत होतं ते मला आलं. ते म्हणायचे, "आधी जनावर कुठे उभं राहणार ते बघ. मग मध्ये काय आडवं येणार ते बघ. मग आपला हात किती स्थिर आहे ते बघ. गोळीचं नाव सगळ्यात शेवटी घे." आणि आणखी एक. "काडतूस बदललं की बंदूक परकी झाली समज. तिची पहिल्यापासून ओळख करून घ्यायची." महाडच्या एका वकिलांनी त्यांना शहरातल्या तयार काडतुसांची नवीकोरी पेटी दिली होती. अप्पांनी त्यातली दोन काडतुसं फणसाला टांगलेल्या खापरावर उडवली. शेजारचे हसले. "अप्पानू, खापराची भाजी करताय का?" अप्पा हसले नाहीत. खापराची भोकं बोटांनी मोजत बसले. नव्या काडतुसाचे छर्रे चार बोटं डावीकडे जात होते. "ही चार बोटं जनावराच्या अंगावर कळली असती, तर?" एवढंच ते मला म्हणाले.

तर ओजीसानांच्या गॅरेजच्या दारात मी उभी होते. त्यांनी वर पाहिलं. मी काही बोलू शकत नव्हते. मराठीतसुद्धा परक्यांशी मला बोलता येत नाही. मी फक्त टेबलावरच्या गोळ्यांकडे बोट केलं आणि मग बोटांनीच छर्रे मोजल्याची, चकती दाबल्याची, मेण ओतल्याची खूण केली. त्यांनी फार वेळ माझ्या हातांकडे पाहिलं. मग एक स्टूल ओढून पुसलं आणि स्टोव्हजवळ ठेवलं.

बाळ झोपलं की दुपारी अर्धा तास मी तिथे जायची. दारूला किंवा भरलेल्या काडतुसाला मी कधी हात लावला नाही, त्यांनीही लावू दिला नाही. तिकडे कायदा कडक. बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. नुसत्या गोळ्या मात्र ते माझ्या तळहातावर ठेवायचे. शुद्ध तांब्याच्या, लांबट, जड. घासलेल्या कळशीसारख्या लालसर. त्यांची तऱ्हा आमच्यापेक्षा वेगळी. आमच्याकडे एका काडतुसात पुष्कळ छर्रे, इथे एकच गोळी, तीही रायफलची. पण हात तेच. वजन करताना श्वास धरायचा तोही तसाच.

एका संध्याकाळी अरुण लवकर आला, तेव्हा मी त्याला खाली नेलं, आणि त्याच्या तोंडून मला गोष्ट कळली. चाळीस वर्षं ओजीसानांनी शिशाची गोळी वापरली. शिसं मऊ असतं, जनावराच्या अंगात त्याचे बारीक तुकडे उडतात. शिकारी मांस काढून नेतात, आतडी-कातडी रानात राहते, ती गरुड खातात आणि शिसं पोटात जाऊन मरतात. म्हणून तिकडे सरकारने शिशाची गोळी बंद केली. ओजीसानांनी एक फोटो दाखवला. बर्फात पडलेला एवढा थोरला गरुड, पंख पसरलेले. फोटो दाखवताना त्यांनी खालची नजर वर केली नाही.

मग त्यांनी तांबं निवडायला घेतलं. आख्खा उन्हाळा आणि आख्खा शरद ऋतू ते नेमबाजीच्या मैदानावर जात होते. चार प्रकारच्या गोळ्या मारून झाल्या. भिंतीवर एक कागद टाचलेला होता, त्यात तीन भोकं, तिन्ही एका नाण्याखाली झाकतील अशी. हा कागद सगळ्यात जड गोळीचा, एकशे ऐंशी ग्रेनची. ग्रेन म्हणजे गोळीचं वजन मोजायचं माप. तिच्यावरच त्यांनी बंदुकीची दुर्बीण बसवली होती, म्हणजे दुर्बिणीतला नेम त्याच गोळीला जुळवला होता. त्यांनी एक वापरलेली गोळी दाखवली. पुढचं टोक चार पाकळ्यांनी उघडलेलं, फुलासारखं.

"ते म्हणतायत, झाडीत साठ-सत्तर मीटरवर हरीण दिसतं," अरुण सांगत होता. "मानेवरच मारतात. जागेवर पडतं, दुखत नाही. आणि म्हणतायत, चाळीस वर्षांत एकही जनावर जखमी होऊन हातातून गेलेलं नाही. ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी बंदूक ठेवणार." मग मराठीत, हसून, "या म्हाताऱ्यांना प्रतिज्ञा करायची फार हौस, आक्का."

मी हसले नाही. ते वाक्य ओजीसान बोलले तेव्हा त्यांचा हात बंदुकीच्या कपाटावर होता, देवघराच्या चौकटीवर ठेवतात तसा.

त्यानंतर अरुणने तो विषय डोक्यात घेतला. मला त्याची ही खोड ठाऊक आहे. लहानपणी पतंग करायचा तर आधी वहीत दहा पानं आकडेमोड. आता वहीच्या जागी लॅपटॉप. जेवताना लॅपटॉप, बाळ मांडीवर असताना लॅपटॉप. वेगाचे रकाने, जोराचे रकाने, गोळी किती खाली पडते त्याचे रकाने, त्यांचे हिरवे-लाल आलेख. "आक्का, हे बघ. एकशे तीस ग्रेनची घेतली तर तीनशे मीटरला किती सपाट जाते! ऑप्टिमाइझ केलं मी." मी विचारलं, "तीनशे मीटरवर हरीण उभं राहतं का रे?" तो म्हणाला, "अगं, थिअरी असते ती."

डिसेंबरात तिकडे वरिष्ठांना, घरमालकांना वर्षअखेरची भेट देतात. मेधा म्हणाली, "सगळे देतात तसा चहाचा नाहीतर साबणाचा डबा दे ना." पण त्याला वेगळं काही द्यायचं होतं. त्याचे काचो, म्हणजे ऑफिसातले साहेब, त्यांचा कोणी शिकारी स्नेही होता. त्याच्यामार्फत याने एकशे तीस ग्रेनच्या नुसत्या गोळ्यांची पेटी मागवली. तांब्याच्या, टोकाला निळं प्लॅस्टिक. खेळण्यासारख्या दिसायच्या.

रविवारी दुपारी काचो आले, अरुणचा पुण्याचा मित्र केदार आला, आणि ओजीसानांना खाली बोलावलं. पांढऱ्या कागदात, लाल-पांढऱ्या गाठीची ती पेटी अरुणने दोन्ही हातांनी दिली. ओजीसानांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लागेल इतकी वर धरली. मग लॅपटॉप उघडला. अरुण बोलत होता, काचो मान हलवत होते, ओजीसान दर वाक्याला "नारुहोदो, नारुहोदो" म्हणत होते. अस्सं, अस्सं. मग काचो काहीतरी म्हणाले आणि सगळे खूश झाले. येत्या शनिवारी सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं, ओजीसान या गोळीने हरीण कसं पाडतात ते बघायला.

चिवड्याच्या बशा आणि चहा घेऊन मी उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर फणसाला टांगलेलं खापर होतं. हलकी गोळी. दुर्बीण जड गोळीवर बसवलेली. हलकी वर जाणार. मान म्हणजे किती जागा? वर जबडा. मी म्हटलं, "अरू, ती गोळी आधी मैदानावर..."

"आक्का, चहा गार होतोय."

"नाही रे, अप्पा म्हणायचे की बंदूक..."

केदारने मान वळवली. "अरे वा! आक्का, तुम्ही पण शिकारी का? वाघबिघ मारलेत की काय?"

"आमचे वडील ना, ठासणीच्या बंदुकीवाले," अरुण हसत म्हणाला. "एकेक दाणा मोजून भरायचे. आक्का मोजायची. तिचं गणित तिथेच पक्कं झालं." मग त्याने तेच काचोंना जपानीत सांगितलं आणि काचोही हसले.

ठासणीची नव्हती ती. काडतुसाची होती. वडिलांची बंदूक कोणती होती तेसुद्धा याला ठाऊक नाही, आणि ज्या माणसाने याला घासातला घास देऊन शिकवलं त्याचा याने परदेशात, परक्यांसमोर, चिवडा खाता खाता विनोद केला. 

ओजीसान एकटे हसले नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी सांगणार होते हे त्यांना भाषेशिवाय कळलं होतं, आणि ते थांबले होते. बर्फ ओढताना मध्ये थांबायचे तसे, एक आख्खा श्वास. त्या वेळी मी हाताने नुसती खूण केली असती, तरी पुरलं असतं.

मी कप खाली ठेवले आणि आत गेले.

स्वयंपाकघरात मेधाला मात्र सांगितलं. ती बाळाला पाजत होती. "ताई, तुमचं बरोबर असेल हो," ती म्हणाली, "पण आत्ता काचोंसमोर नको. त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याच हातात आहे. त्याचा पचका होईल." पचका! मी तो शब्द गिळला. आजवर काय काय गिळलं, त्यात आणखी एक.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले. ओजीसान निळ्या टोकाच्या गोळ्या काडतुसात बसवत होते. मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं आणि मग त्या पेटीकडे. त्यांनी दोन्ही हातांची फुली केली. नेमबाजीचं मैदान बर्फामुळे बंद झालं होतं. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. पण भेट दिलेली वस्तू, देणारा शेजारी उभा राहून बघणार, आणि त्याच्या साहेबांनी शब्द टाकलेला. त्यांच्याकडे ते मोडत नाहीत. आमच्याकडे मी मोडत नाही. दोघं जण स्टोव्हच्या दोन बाजूंना बसून ज्याला सांगायला हवं त्याला न सांगता गप्प राहिलो. किटली तेवढी बोलत होती.

शनिवारी ते पहाटे गेले. मी बाळाला न्हाऊ घातलं. यंत्राला पिशवी बांधायला कोणी नव्हतं, म्हणून त्या दिवशी धुरी दिली नाही.

तिघे दुपारीच परत आले, ओजीसानांशिवाय. अरुणने बूट काढता काढता सांगितलं. रानाच्या कडेला मोठ्या शिंगांचा नर उभा होता, सत्तर पावलांवर. ओजीसानांनी बार काढला. हरीण खाली पडलं नाही. गोळी वर गेली. मानेला लागायची ती खालच्या जबड्याला लागली. जबडा लोंबत होता आणि तो तसाच बांबूच्या झुडपांत पळाला. "म्हाताऱ्याचा हात हलला," अरुण म्हणाला. "काचोसुद्धा म्हणाले, वय झालंय. मग ओजीसान आम्हाला म्हणाले, तुम्ही घरी जा, मी त्याच्या मागावर जातो. आक्का, पोहे आहेत का गं?"

मी पोहे केले. हे लिहिताना माझा हात जड होतो आहे, पण खरं लिहायचं तर, मी पोहे केले. कांदा चिरला, फोडणी दिली, वर खोबरं घातलं. आणि सगळा वेळ मला ते जनावर दिसत होतं. जबडा तुटलेल्या जनावराला चरता येत नाही. पाणी पिता येत नाही. ते लगेच मरतही नाही.

अंधार पडल्यावर ओजीसान आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. बर्फात रुतू नये म्हणून पायाला रुंद लाकडी कड्या बांधून, एकटे, रक्ताच्या थेंबांवरून. तिसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दुपारी जोराचा बर्फ सुरू झाला आणि माग बुजला. ते परत आले तेव्हा मी दारात होते. ते अंगणातच बसले. मी त्यांचे बूट ओढून काढले. उजव्या पायाची बोटं पांढरीफटक, लाकडासारखी. मी ती माझ्या पदरात धरली. त्यांच्या मिशांवरचा बर्फ वितळून खाली येत होता, आणि बर्फच येत होता असं मी म्हणणार नाही.

दोन बोटं डॉक्टरांनी काढली. पौषाच्या शेवटी, बाळाची पाचवी-बारसं सगळं उरकून माझे नव्वद दिवस संपत आले होते, तेव्हा दोन पोलीस येऊन कागदांवर शिक्के मारून रायफल घेऊन गेले. ओजीसानांनीच बोलावलं होतं. गॅरेजमधलं टेबल मोकळं झालं. भिंतीवर कागद होता तिथे फक्त चार टाचण्यांची भोकं. सकाळची खर्र खर्र थांबली. नगरपालिकेचं यंत्र यायला लागलं.

मी निघायच्या आदल्या दिवशी ते काठी टेकत खाली आले. अरुणसमोर गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकले. काहीतरी म्हणाले. अरुण गोंधळला, त्यांना उठवायला लागला. "काय म्हणतात ते?" मी विचारलं.

"म्हणतात, तुम्ही इतक्या मनापासून दिलेल्या चांगल्या गोळ्या माझ्या हातून वाया गेल्या. माफ करा." मग माझ्याकडे बघून, सुटल्यासारखं, "बघ आक्का. ते स्वतःच कबूल करतायत."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हे तोंड मी धुतलं होतं, पुसलं होतं. याला नाचणीची पेज भरवली होती. चौथीचं पुस्तक मी त्याच्या उशाला ठेवलं होतं, चित्रं बघायला मिळावीत म्हणून. शिकलेलं माणूस एवढं आंधळं कसं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि न शिकलेलं माणूस एवढं भित्रं कसं असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ओजीसान तीन वर्षांनी गेले. अरुणने फोनवर सांगितलं, इतर बातम्यांच्या मध्ये.

आणि आता हा बर्फाचा चौकोन, आणि यंत्राला टेकलेला अरुण, आणि त्याचं ते वाक्य. नेम गेला.

"नेम गेला नव्हता," मी म्हटलं.

"काय गं?"

"ओजीसानांचा नेम गेला नव्हता. दुर्बीण जड गोळीवर बसवली होती. तू हलकी दिलीस. ती वर गेली. हात हलला नव्हता." माझा आवाज मलाच ओळखू येईना. रस्त्यावरच्या एका बाईने मागे वळून पाहिलं. "आणि अप्पांची बंदूक ठासणीची नव्हती."

"आक्का, आता हे कुठून काढलंस? सात वर्षं झाली."

"सात वर्षं तू रोज सांगतोस. मी एकदा सांगते."

"बरं, असेल. मला काय माहीत होतं? त्यांनी सांगायचं ना मग. एक हरीण तर होतं."

सई आमच्या मध्ये उभी होती, लाल टोपी कानांवर ओढून. तिचं मराठी घरातल्यापुरतं आहे, पण तिला सगळं कळत होतं. भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तिने माझा हात धरला. "आत्या, तुला बंदुकीचं माहीत होतं?"

"हो."

"नांदे? का?"

"माझ्या अप्पांनी शिकवलं होतं."

"पप्पाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

तिने विचार केला. शाळेत गणित सोडवताना करते तसं तोंड केलं. "मग तू पप्पाला का नाही सांगितलंस?"

अरुण म्हणाला, "सई, चल, थंडी आहे. मम्मा हॉटेलवर वाट बघतेय."

सई हलली नाही. मीही नाही. सात वर्षं मी अरुणवर रागावले होते, आणि त्या रागाच्या आडोशाला हा प्रश्न उभा होता, तो पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने विचारला होता.

"चार माणसं बसली होती," मी म्हटलं. "त्यांच्यासमोर तुझ्या पप्पाला वाईट वाटलं असतं."

सईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

अरुण यंत्रावरच्या आकड्यांकडे बघत उभा होता. तो काहीतरी बोलेल म्हणून आम्ही दोघी थांबलो.